मागच्या पानांवरची जनावरं

५ सप्टेंबर

ह्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन देवाच्या कृपेने नीट पार पडलं. उजव्याचं पुढच्या आठवड्यात. महिनाभर वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचं नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. हे म्हणाले, "मग करायचं काय?" त्या म्हणाल्या, "बायकोचं ऐका." ह्यांनी असा चेहरा केला, जणू चाळीस वर्षं दुसरं काही केलंच नाही.

अडचण अशी, की सात ऑक्टोबरला प्राणिसंशोधक मंडळाचं राष्ट्रीय अधिवेशन आहे. हे एकोणचाळिसावं. त्यात ह्यांचं भाषण ठरलंय. सस्तन प्राण्यांवर आजवर काय काय संशोधन मांडलं गेलं, कुठल्या प्राण्याकडे ओढा वाढला, कुठल्याकडचा आटला, ते आकड्यांनिशी सांगायचं. मागच्या अडतीस अधिवेशनांची अडतीस पुस्तकं कपाटात उभी आहेत, पण उघडणार कोण?

मी म्हटलं, "मी मोजते."

"अगं, ते शास्त्राचं काम आहे."

"मोजायचंच आहे ना? मग आणा इकडे."

७ सप्टेंबर

कामाला हात घातला. सकाळची प्रार्थना, स्वयंपाक, ह्यांच्या डोळ्यांत थेंब, मग पुस्तकं. प्रत्येक पुस्तकात कोणी काय शोधलं त्याचा दहा-बारा ओळींचा गोषवारा छापलेला असतो. गोषवारा मला परका नाही. माझ्या घरखर्चाच्या वहीत महिनाअखेरीला मी तोच काढते. शास्त्रज्ञही शेवटी तेच करतात हे कळल्यावर भीड चेपली.

सस्तन म्हणजे काय ते मॅट्रिकला शिकले होते. पिल्लांना अंगावर पाजतात ते. वही आडवी धरून दोन रकाने आखले, लहान आणि मोठे. ह्यांनी माप सांगितलं : मांजरापेक्षा लहान ते लहान. म्हणजे उंदीर, खार, वटवाघूळ आणि ह्यांची लाडकी चिचुंद्री. वरचे सगळे मोठे. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

"आणि माणूस?" मी विचारलं. "तोही पाजणाऱ्यांतलाच."

वन्सं समोर बसून बटाटे सोलत होत्या. ह्यांची धाकटी बहीण, समोरच्याच घरात राहतात, निम्मा वेळ आमच्याकडे असतात. त्या म्हणाल्या, "वहिनी, दादाला लहानांतच घाल. जन्मभर चिचुंद्र्यांमागे फिरून त्याचं नाक लांब झालंय." मग म्हणाल्या, "लोक ह्या वयात देवाचं नाव मोजतात, तू उंदीर मोज."

मी म्हटलं, "उंदीर काय सैतानाने केलाय?"

ह्यांनी एक गोष्ट बजावली. पुस्तकाच्या सुरुवातीला वेळापत्रक असतं. कोण, किती वाजता, कशावर बोललं. "वेळ दिलेले तेवढेच मोज. मागची पानं राहू दे, त्यात काही नाही."

बरं झालं. काम निम्मं झालं.

१० सप्टेंबर

नऊ पुस्तकं झाली. पहिल्या वर्षांत लहानांचीच चलती. उंदीर धान्य किती खातो, वटवाघूळ फळ कुठे नेतं, चिचुंद्री वास कशी ओळखते. लोक पोटासाठी शोध लावत होते, असं मला वाटतं. अस्वल, लांडगा, बिबट्या क्वचित.

दुपारी मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. माणूस अस्वलांवर काम करतो, म्हणून घरात आम्ही त्यांना अस्वलवाले म्हणतो. आवाजही तसाच आहे. ह्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"सर, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण लहान सस्तनांचा विभाग रिकामा पडलाय. गेल्या तीन वर्षांत चार, चार आणि तीन भाषणं. नियम तुम्हाला ठाऊक आहे. सलग तीन वर्षं पाचाहून कमी, तर विभाग बंद. आठ तारखेला सभेत ठराव येईल. आदल्या दिवशी तुमचं भाषण, म्हणजे निरोपाचं भाषण तुमच्याच तोंडून. शोभून दिसेल."

हे "बघू" म्हणाले आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले.

विभाग ह्यांनीच उभा केला. आणि आता प्रश्न नुसत्या मानाचा नाही. माझ्या बहिणीची मुलगी, आमची भाची, धान्याच्या गोदामांतल्या चिचुंद्र्यांवर काम करते. तिला मिळणारी मदत ह्या विभागाकडून येते. विभाग गेला, की तिचं तीन वर्षांचं काम अर्ध्यावर.

मी ह्यांना म्हटलं, "आकडे बोलतील." मला खात्री आहे. देवाने ज्याला जीव दिला त्याला चिटणीस कसा वगळणार?

१३ सप्टेंबर

उजवा डोळाही झाला. आता दोन्ही डोळ्यांवर काळा चष्मा. घरात चालताना हे माझा खांदा धरतात. भाची म्हणते, चिचुंद्रीची पिल्लं अशीच जातात, प्रत्येक पिल्लू पुढच्याची शेपटी तोंडात धरून, आगगाडीसारखी. वन्संना सांगितलं तर दिवसभर शिट्टी वाजवत होत्या.

१४ सप्टेंबर

चौदाव्या पुस्तकात गंमत. बावीस लहान, नऊ मोठे, आणि एका ठिकाणी चक्क अस्वलवाल्यांचं नाव, पण पुढे शेतातल्या उंदरांची बिळं. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. छापखान्यात ओळी इकडच्या तिकडे झालेल्या दिसतात. कुठल्याच रकान्यात घातलं नाही, बाजूला "शंका" लिहून प्रश्नचिन्ह केलं. ह्यांना विचारायचं राहून गेलं, औषधाची वेळ झाली होती.

१६ सप्टेंबर

विसाव्यापर्यंत आले. विसाव्यात लहान चोवीस, मोठे बारा. एकविसावं पुस्तक कपाटात नाही. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "हरवलं असेल. एका वर्षाने काय बिघडतं? पुढे जा."

मला ते पटत नाही. वही आहे म्हणजे प्रत्येक पान हवं. पण माणूस आजारी, मी वाद घातला नाही. बाविसाव्यात लहान सहा. चोवीसवरून सहा! हे कसं झालं? लोकांना एका वर्षात उंदीर नकोसा झाला?

१९ सप्टेंबर

सापडलं! ह्यांचे लोकरीचे मोजे काढायला खालचा खण उघडला, तर मोज्यांखाली, कागदात गुंडाळून ठेवलेलं एकविसावं पुस्तक. त्या वर्षी हेच चिटणीस होते. आठवण म्हणून जपलं असणार आणि मग विसरले. पुरुषांच्या जपण्याची तऱ्हाच वेगळी.

ते वर्ष मला लख्ख आठवतं. अधिवेशन चार दिवसांचं असायचं. सभागृहाचं भाडं परवडेना. हे ह्याच टेबलाशी डोकं धरून बसले होते. मी म्हटलं होतं, "चार दिवसांचे तीन करा. सगळ्यांनी उठून बोलायलाच हवं का? ज्यांचं काम छोटं, त्यांनी मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावावं. लोक येता-जाता वाचतील." सगळ्यांना कल्पना आवडली. चहाच्या टेबलांपाशी बोळात लाकडी फळे उभे केले. मंडळाने ह्यांना शाल नाही, पण चांगलं पेन दिलं, ते मीच वापरते आहे. अठरा वर्षं मी हे पाहुण्यांना सांगते.

पुस्तक सापडल्याचं ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अच्छा." चहा तसाच ठेवला.

एकविसाव्यात वेळ दिलेले लहान सात, मोठे तेरा.

२३ सप्टेंबर

अडतीसही पुस्तकं पुरी. शेवटच्यात लहान तीन, मोठे एकतीस. ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे अस्वलवाला म्हणतो ते खरं." भाषणाचा मजकूर मला सांगायला लागले : काळाचा महिमा, तरुणांना मोठ्या जनावराच्या फोटोचा सोस, लहान जिवांची कोणाला पर्वा. फार सुंदर बोलतात. मी उतरून घेतलं. पण रेघांकडे बघून समाधान होईना. एखादी वस्तू घरातून हळूहळू संपते, ते कळतं. एका दिवसात संपली, तर कुणीतरी जागा बदललेली असते.

२४ सप्टेंबर

भाची आली. पायाला गोदामाची धूळ, तोंडाची टकळी सुरू. वही बघून म्हणाली, "मावशी, मी कुठे आहे?"

"कशात?"

"अगं सदतिसाव्यात आणि अडतिसाव्यात. दोन्ही वर्षं गेले होते की मी, तूच डबा बांधून दिलास."

मी वेळापत्रक तीनदा बघितलं. नाव नाही. मग तिने पुस्तक उलटं धरून मागची पानं काढली. बारीक अक्षरात, वेळेशिवाय, एकाखाली एक. "ही बघ मी. भित्तिफलक क्रमांक तेहेतीस."

"तिथे काय केलंस?"

"फळ्यापाशी उभी राहिले, दोन तास. अकरा जण आले. चौघांनी चहा कुठे मिळतो ते विचारलं, दोघांनी स्वच्छतागृह. एका आजोबांनी माझ्या फळ्याला कोट अडकवला."

ती हसत होती. मीही हसले, पण पुरतं नाही. मागच्या पानांवर बोट फिरवत गेले : चिचुंद्री, खार, वटवाघूळ, वटवाघूळ, उंदीर, चिचुंद्री.

हे आतल्या खोलीत होते. भाचीचा आवाज त्यांना जात असणार, पण बाहेर आले नाहीत. झोप लागली असेल.

२६ सप्टेंबर

दोन दिवसांत मागची सगळी पानं मोजली. विसाव्यापर्यंत मागे काहीच नाही. एकविसाव्यापासून सुरू. शेवटच्या पुस्तकात मागे लहान एकेचाळीस, मोठे सहा. पुढचे तीन धरून लहान चव्वेचाळीस. विसाव्या वर्षी होते चोवीस.

कमी झालेच नाहीत! वाढले. जवळजवळ दुप्पट. मी खुर्चीतून उठून देवापुढे हात जोडले. मग बसून वर्षांची ओळ पुन्हा वाचली, आणि एकविसाव्यावर बोट थांबलं.

ज्यांचं काम छोटं, त्यांनी भिंतीवर लावावं.

माझं वाक्य. मी कामाबद्दल बोलले होते, लोकांनी जनावराच्या आकाराबद्दल ऐकलं. किंवा मीही तेच म्हटलं असेन. त्या वेळी चिचुंद्री मला छोटंच काम वाटायचं, खरं सांगायचं तर. एक दिवस वाचवला आणि त्यात ही सगळी पोरं चहाच्या बोळात जाऊन उभी राहिली. हजेरी मात्र सभागृहात घेतली जाते.

आज भाजी करपली. वन्संनी काही म्हटलं नाही, म्हणजे माझा चेहरा कसा असेल.

२७ सप्टेंबर

सकाळी ह्यांना नवी वही वाचून दाखवली, पहिल्यापासून अडतीसपर्यंत, मागची पानं धरून. काळ्या चष्म्यातून काही कळत नाही. संपल्यावर म्हणाले, "मोज्यांच्या खणात तुला आणखी काही दिसलं का?"

"मोजे दिसले."

मग म्हणाले, "फळे आले आणि विभाग उठून बोळात गेला. मी चिटणीस होतो. मीच यादी केली, कोण आत, कोण बाहेर. माझ्या विभागाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून लहानांनाच बाहेर काढलं."

"कल्पना माझी होती."

"यादी माझी होती. तुझं नाव येणार नाही."

"का नाही येणार? पेन घेताना आलं असतं तर चाललं असतं ना?"

ह्यावर ते हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

माझं मत असं : वहीत चूक सापडली, की पान फाडायचं नसतं. पुढच्या ओळीत दुरुस्ती लिहायची आणि खाली सही करायची. ह्यांना तसंच सांगितलं. जुना मजकूर, काळाचा महिमा वगैरे, बाजूला ठेवला. सुंदर होता. पाठकोरा आहे, यादी करायला होईल.

२ ऑक्टोबर

नवं भाषण तोंडपाठ करून घेते आहे. हे आकडे विसरतात. सतरा म्हणायच्या ठिकाणी सत्तावीस म्हणतात. मी म्हटलं, "उत्साहात वाढवू नका, देव बघतोय." भाची पुढे बसून अस्वलवाल्यांच्या आवाजात खोकते. वन्सं टाळ्या वाजवतात, चुकीच्या जागी.

भीती वाटते का? वाटते. ह्यांच्या चाळीस वर्षांच्या नावाला लोक काय म्हणतील? पण आकडे माझे आहेत, आणि ते बरोबर आहेत. एवढी खात्री मला क्वचित असते.

७ ऑक्टोबर

आम्ही सकाळच्या गाडीने आलो. सभागृह मोठं, खुर्च्या लाल, पंखे कुरकुरणारे. आधी बोळ बघून आले. फळे रांगेने उभे, मधे चहाचं टेबल. एका मुलीच्या वटवाघळांसमोर कपांचा ढीग. मी तो उचलून दुसरीकडे ठेवला.

ह्यांना मंचावर खांदा धरून नेलं. डोळे आता बरे आहेत, पण कागद वाचायची परवानगी नाही. मी पहिल्या रांगेत, वही मांडीवर.

हे बोलले. एकही आकडा चुकला नाही. तीनावर एकेचाळीस सांगितले तेव्हा मागच्या रांगांमध्ये कुजबुज झाली. मग म्हणाले, "संशोधन आटलेलं नाही. त्याला बाहेर बसवलं गेलं. बसवणारा मी. हे मला अठरा वर्षं ठाऊक आहे आणि मी मागची पानं उघडत नव्हतो."

ठाऊक होतं! हे वाक्य आमच्या तालमीत नव्हतं. मला वाटलं होतं, मी वही वाचली तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं. मग खण, मोजे, "पुढे जा", सगळं एकापाठोपाठ आठवलं. राग आला. पण माणूस तीनशे लोकांपुढे उभा होता, आणि चष्म्याखालून एक थेंब आला, तो औषधाचा नव्हता.

"आणि ही मोजदाद माझी नाही," ते म्हणाले. "माझ्या पत्नीची."

अस्वलवाले उठले. "सर, प्रामाणिकपणाला सलाम. पण विभाग ठेवायचा की नाही हे घरी केलेल्या मोजणीवर कसं ठरवायचं? बाईंचं शिक्षण काय?"

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "मॅट्रिक. आणि फळ्यांची कल्पनाही माझीच, ह्यांनी ते गाळलं. तुम्ही कुठलंही वर्ष विचारा."

कुणीतरी हसलं. ते म्हणाले, "ठीक. चौदावं."

वही उघडली. "लहान बावीस, मोठे नऊ. एक शंका."

"बघा! शंका कसली?"

"तुमच्या नावापुढे शेतातल्या उंदरांची बिळं छापलंय. सकाळी दहा चाळीस ते दहा पन्नास. मी छापखान्याची चूक धरली. चूक असेल तर सांगा, मोठ्यांत घालते."

सगळं सभागृह हसलं. माझा तसा हेतू नव्हता, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. अस्वलवाले मात्र हसले नाहीत. हातातला कागद त्यांनी एकदा दुमडला, पुन्हा दुमडला.

"चूक नाही," ते म्हणाले. "माझं पहिलं भाषण. दहा मिनिटं. मधेच अडलो." मग ह्यांच्याकडे बघून, "सरांनी पाणी दिलं होतं."

आणि खाली बसले.

८ ऑक्टोबर

ठराव आलाच नाही. अस्वलवाल्यांनीच मागे घेतला. अध्यक्षबाईंनी दुसरा मांडला : फळ्यांवरचं कामही हजेरीत धरायचं, आणि पुढच्या वर्षी लहानांना सभागृहात अर्धा दिवस. हात वर झाले, मी मोजले, विरोधात सात. मग प्रश्न आला, अर्धा दिवस आणायचा कुठून? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "कालपासून सत्कार आणि आभार धरून पाच तास झालेत. मी टिपलंय."

तेही मंजूर झालं. पण ह्या वेळी मी दोनदा विचार करून बोलले.

बाहेर भाचीने ह्यांच्या गळ्यात पडून विचारलं, "काका, दहा मिनिटांत तीन वर्षं कशी सांगायची?" हे म्हणाले, "मावशीला विचार. गोषवारा तिचा प्रांत."

१० ऑक्टोबर

घरी परतलो. वन्संनी दारातच विचारलं, "उंदीर जिंकला का?"

ह्यांच्याशी खणाबद्दल एकदाच बोलले. "मला सांगायला हवं होतं." ते म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू मोजलं असतंस." मी म्हटलं, "मोजलंच ना शेवटी." त्यांनी टेबलावरचं एकविसावं पुस्तक कपाटात विसाव्या आणि बाविसाव्याच्या मधे लावलं. अक्षरं अजून धूसर दिसतात, पण जागा बरोबर सापडली.

दुपारी वही पुरी केली. चौदाव्या वर्षाचं प्रश्नचिन्ह खोडलं नाही, वहीत खाडाखोड मला चालत नाही. त्याच्यापुढे "बरोबर आहे" लिहिलं, लहानांच्या रकान्यात एक रेघ वाढवली आणि त्या बक्षिसाच्या पेनाने खाली सही केली. बावीसचे तेवीस झाले.